अनुभव धागा : कॉलेजातला भेदभाव आणि त्या 'कार्यशाळा'

मांडवीकर :
बडोद्यातल्या कमाटीबागेत, बाबासाहेबांनी जातिभेदाविरुद्ध लढायचा संकल्प केला त्या संकल्पभूमीवर, मुलं फोटो काढताना दिसली आणि १९१७ ची गोष्ट आठवली. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही हुसकावलं. आता कॉलेजांत संवेदनशीलतेच्या कार्यशाळा होतात. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, भाषण, समोसा, फोटो. यातलं कामाचं काय, ते जाणकारांनी लिहा. मोघम नको.

रावपुरा_३ :
सभागृहात २०० जण कोंबले की कार्यशाळा बुडाली. २०-२५ चा गट करा, ३ तास द्या आणि हातात प्रसंगांचे कागद. 'गाईड एकालाच सिनॉप्सिसची (संशोधनाच्या आराखड्याची) तारीख देत नाही.' 'वर्गात सगळ्यांसमोर प्रवेशाची रँक विचारली.' 'प्रॅक्टिकलचे गट आडनावावरून पाडले.' गटाने एवढंच सांगायचं: जायचं कुणाकडे, लिहायचं काय, पुरावा कुठला. ज्यांना त्रास होतो त्याच मुलांना उभं करून 'तुमचा अनुभव सांगा' असं कधीही म्हणू नका. आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचे क्लार्क, होस्टेलचे रेक्टर, मेसवाले? त्यांना बोलावतच नाहीत. प्राध्यापक निदान तोंडावर गोड बोलतात.

अलकापुरी_काकू :
समोसा कसला, बडोद्यात सेवउसळ हवी! कुकर लावलाय, नंतर वाचते.

कारेलीबाग :
तर्री वेगळी मागा काकू.

दांडियाबाजार :
तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि तिथेच झोपते. जातीवरून वागणूक : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या विनियमांतला भेदभावविरोधी अधिकारी, निकाल ६० दिवसांत. लैंगिक छळ : अंतर्गत समिती, घटनेपासून ३ महिन्यांत लेखी. रॅगिंग : हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. २०१६ च्या दुरुस्तीपासून जात, धर्म, भाषा, प्रांत, रंग यांवरून छळणं हेही रॅगिंगच. फी-निकालाची कटकट असेल तर विद्यार्थी तक्रार समिती, १५ कामकाजाचे दिवस. तिथे नाही जमलं तर विद्यापीठाचा लोकपाल.

कारेलीबाग :
२०१२ कशाला? २०२६ चे आलेत ना?

दांडियाबाजार :
जानेवारीत आले, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. जुनेच चालू ठेवा म्हणाले.

फतेगंज_ताई :
अर्ज २ प्रतींत. दुसरीवर इनवर्ड नंबर, शिक्का, तारीख. शिपाई 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवू नका, ठेवलाच तर त्याच दिवशी ईमेल. 'अपमान केला' एवढ्याने काही होत नाही, तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा. वेळ, खोली, हजर कोण. स्क्रीनशॉट काढलात तरी मूळ चॅट पुसू नका.

वाडीवाला :
अंतर्गत समिती आधी तपासा. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्या तरी महिला, बाहेरची १ व्यक्ती. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले ३ विद्यार्थी. कुलगुरू, रजिस्ट्रार, डीन, विभागप्रमुख तिथे बसूच शकत नाहीत, आणि बसवतात नेमके त्यांनाच! मग ज्याच्यावर तक्रार तो कोर्टात जाऊन समितीच्या रचनेवर बोट ठेवतो आणि चौकशीची मेहनत पाण्यात. तक्रारीची प्रत त्याला ७ दिवसांत, उत्तर १० दिवसांत, चौकशी ९० दिवसांत. अपील ३० दिवस.

अलकापुरी_काकू :
आले. दिव्यांगांचं कुणीच लिहिलं नाही? ४०% चं प्रमाणपत्र असलेल्याला लिहायला अडचण असेल तर पेपरला तासामागे किमान २० मिनिटं जादा, लेखनिक असो वा नसो. अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्या. आदल्या दिवशी गेलात तर 'आधी का नाही सांगितलं' ऐकाल. आणि रॅम्प १:१२ हवा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. बरेच रॅम्प स्कूटर चढवायलाच बांधल्यासारखे उभे.

कारेलीबाग :
आणि त्यावर स्कूटरच लावलेली असते.

मांडवीकर :
ताई, अर्ज गुजरातीत चालतो का? मराठी मुलांना इंग्रजीपेक्षा तेच सोपं.

फतेगंज_ताई :
चालतो. फक्त बोललेले शब्द ज्या भाषेत होते त्याच भाषेत ठेवा, भाषांतर करू नका.