मदत हवी आहे : कोडची तपासणी एकाच व्यक्तीपाशी अडकते, काय करावे?

नमस्कार. मी ज्या सॉफ्टवेअर टीमचे नेतृत्व करतो, तिच्यात माणसे वाढली, पण कामाचा वेग मंदावला. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच मांडले होते. सात जणांत संवादाच्या 21 जोड्या होतात आणि बारा जणांत 66, हे गणितही मला मान्य आहे.

आमची अडचण मात्र मला वेगळी वाटते. पेमेंट मॉड्यूलमधील प्रत्येक पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) एकाच अनुभवी सहकाऱ्यांच्या मंजुरीसाठी थांबते. तपासणीला वेळ लागतो म्हणून लोक बरेच बदल साठवून एकदम पाठवतात, आणि इतका मोठा बदल तपासायला अर्थातच आणखी वेळ लागतो. पेमेंटची रिक्वेस्ट पुन्हा पाठवली गेल्यास ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील, अशी चूक त्यांच्याच नजरेस पडते, त्यामुळे त्यांना बाजूला सारणे मला पटत नाही.

मंजुरीचा अधिकार इतरांकडे टप्प्याटप्प्याने कसा सोपवावा? आधी स्वयंचलित चाचण्या वाढवाव्यात, की जोडीने कोड लिहायला सुरुवात करावी? ज्यांनी असा बदल प्रत्यक्ष राबवला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. (नवी साधने सुचवू नयेत, ती आमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहेत.)