रिफ्लेक्शनने रो भरताना दोन पातळ्या आतला ऑब्जेक्ट कधी तयार करावा?

अर्धविराम यांचा प्रश्न

आमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये असून डेटाबेस पोस्टग्रेस आहे. अहवालात कोणते रकाने हवेत हे वापरणारा ऐन वेळी निवडतो, त्यामुळे क्वेरीत कोणते कॉलम येतील हे आधी ठाऊक नसते, आणि म्हणून रिफ्लेक्शन (प्रोग्रॅम चालू असताना प्रॉपर्टी नावाने शोधून वापरण्याची सोय) वापरून प्रत्येक रो ऑब्जेक्टमध्ये भरणारे एक फंक्शन मी लिहिले आहे. बिलात ग्राहक, ग्राहकात पत्ता आणि पत्त्यात शहर अशी रचना असल्याने कॉलमला ‘ग्राहक__पत्ता__शहर’ असे एलियस (क्वेरीपुरते नाव) देतो आणि दुहेरी अंडरस्कोअरपाशी तोडून एकेक प्रॉपर्टी शोधत आत जातो. (नावे येथे समजण्यापुरती मराठीत लिहिली आहेत.)

‘ग्राहक__नाव’ व्यवस्थित भरते, कारण बिलाचा कन्स्ट्रक्टर ग्राहक स्वतःच तयार करतो. पत्ता मात्र कोणीच तयार करत नाही, त्यामुळे तेथे नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) मिळून सेटव्हॅल्यू टार्गेट-एक्सेप्शन देते. वाटेत नल दिसला की अॅक्टिव्हेटर या तयार क्लासने नवा ऑब्जेक्ट बनवायचा, असा बदल केल्यावर एरर थांबली. पण लेफ्ट जॉइनमध्ये (जोडीचा रो नसला तरी डावीकडचा रो ठेवणाऱ्या जोडणीत) ज्या ग्राहकाला पत्ताच नाही त्यालाही रिकामा पत्ता चिकटू लागला आणि छापील बिलावर नावाखाली नुसता स्वल्पविराम उमटतो. शिवाय रो वाढले की वेग फार मंदावतो. हे नीट कसे बसवावे?

पाराखालचा यांचे उत्तर

अहवालाचे कॉलम ठरलेले असते तर मी सरळ डॅपर ही रो ऑब्जेक्टमध्ये भरणारी तयार लायब्ररी वापरा असे सांगितले असते. त्याच्या मल्टी-मॅपिंगमध्ये रो डावीकडून उजवीकडे तुकड्यांत विभागला जातो, आणि आतल्या तुकड्याचा पहिलाच कॉलम नल असेल तर तो अख्खा ऑब्जेक्ट नल मिळतो. तुमचे कॉलम बदलते असले, तरी यातली कल्पना उचलण्यासारखी आहे.

तुमच्या कोडमध्ये कॉलममधली व्हॅल्यू पाहण्याआधीच ऑब्जेक्ट तयार होतो, आणि खरी चूक तेथे आहे. व्हॅल्यू डीबीनल (डेटाबेसमधला नल) असेल तर त्या वाटेने आत जाऊच नका. मात्र तेवढ्याने भागत नाही: पत्ता नोंदलेला आहे पण निवडलेले शहर आणि पिनकोड दोन्ही कोरे आहेत, ही स्थिती ‘पत्ताच नाही’ या स्थितीसारखीच दिसते, उलट कोणी क्वेरीत कोअलेस लावून कोऱ्या शहराच्या जागी ‘अज्ञात’ घातले, तर नसलेला पत्ता पुन्हा जन्माला येतो. म्हणून वापरणाऱ्याने मागितली नसली तरी पत्त्याची प्रायमरी की (प्रत्येक रोची ओळख ठरवणारा, कधीही कोरा नसणारा कॉलम) क्वेरीत गुपचूप घाला आणि ऑब्जेक्ट बनवायचा की नाही हे केवळ तिच्यावरून ठरवा.

वेगाबद्दल सांगायचे तर, नाव तोडणे आणि प्रॉपर्टी शोधणे ही कामे क्वेरीमागे एकदाच व्हायला हवीत, प्रत्येक रोला नव्हे. कोणत्या क्रमांकाचा कॉलम कोणत्या वाटेने जातो याचा तक्ता आधी करून ठेवा. तक्ता कॅशमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी मेमरीत) ठेवताना तो शोधण्याची खूण म्हणून केवळ ऑब्जेक्टचा टाइप न घेता कॉलमची क्रमवार यादीही घ्या, नाहीतर दुसऱ्या अहवालात शहराच्या जागी पिनकोड जाऊन बसेल. एवढ्यावरही वेग कमी वाटला तरच एक्सप्रेशन ट्रीमधून डेलिगेट कंपाइल करण्याच्या, म्हणजे रिफ्लेक्शनऐवजी थेट चालणारे फंक्शन प्रोग्रॅमकडूनच बनवून घेण्याच्या, भानगडीत पडा.

खालची ओळ यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक पुरवणी. पत्ता हा क्लास नसून स्ट्रक्ट (ज्याची देताघेताना प्रत निघते असा टाइप) असेल, तर गेटव्हॅल्यू त्याची बॉक्स केलेली, म्हणजे वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेली, प्रत देते. तुम्ही त्या प्रतीत शहर भरता, ग्राहकाकडचा मूळ पत्ता तसाच कोरा राहतो आणि एरर काही येत नाही. भरलेली प्रत सेटव्हॅल्यूने परत ग्राहकात ठेवावी लागते. आमच्याकडे याच कारणाने मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

अर्धविराम

दोघांचेही आभार. प्रायमरी कीवरून ठरवल्यावर तो स्वल्पविराम गेला. पत्ता क्लासच आहे, त्यामुळे ती अडचण आली नाही. आता एकच प्रश्न उरला आहे: काही प्रॉपर्टी सापडतच नाहीत. पोस्टग्रेस कॉलमची नावे लहान अक्षरांत परत करते हे लक्षात आल्याने मी गेटप्रॉपर्टीला इग्नोअरकेस (लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करणारा) हा फ्लॅग दिला, तर आता एकही प्रॉपर्टी सापडत नाही.

पाराखालचा

फ्लॅग स्वतःहून दिले की मूळचे फ्लॅग गळून पडतात. इग्नोअरकेससोबत पब्लिक आणि इन्स्टन्स हे दोन्हीही द्या. त्यानंतरही एखादी खोलवरची प्रॉपर्टी सापडली नाही तर एलियसची लांबी मोजा. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा ६३ बाइटची आहे आणि त्यापुढचे नाव एरर न देता, केवळ एक नोटीस देऊन कापले जाते. आपण खरोखरच मराठी नावे ठेवली असती, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेते; म्हणजे जेमतेम २१ चिन्हांत सारे उरकावे लागले असते. अशा वेळी क्वेरीत क१, क२ अशी छोटी नावे द्यावीत आणि पूर्ण वाट प्रोग्रॅममधल्या त्याच तक्त्यात ठेवावी.