मायक्रोवेव्हमधली न्याहारी: ओट्स उतू जातात, अंडं रबरासारखं होतं, ब्रेड वातड होतो. काय चुकतंय?

सकाळची_घाई

हॉस्टेलमध्ये मजल्यावर एकच सामाईक मायक्रोवेव्ह आहे. शेगडी, टोस्टर वगैरे ठेवायला परवानगी नाही. सकाळी हातात जेमतेम दहा मिनिटं, शिवाय मागे रांग. ऑनलाइन कृतींमध्ये 'दोन मिनिटं फिरवा' एवढंच लिहिलेलं असतं आणि तसं केलं की शीर्षकात लिहिलंय ते होतं. नेमकी मापं आणि वेळा हव्यात. दुपारच्या जेवणापर्यंत पोट टिकलं पाहिजे, त्यामुळे नुसता चहा-बिस्कीट हे उत्तर नको. :)

नेमकं_माप

'दोन मिनिटं' याला वॅट सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. ७०० वॅटच्या आणि १००० वॅटच्या मशीनमध्ये त्याच दोन मिनिटांत फार वेगळे पदार्थ बाहेर येतात. तुमचं मशीन किती वॅटचं आहे ते आधी बघा. दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे पट्टी असते. तिच्यावर दोन आकडे असतात: मशीन किती वीज खेचतं तो मोठा (समजा १२००) आणि अन्नाला किती देतं तो लहान (समजा ८००). आपल्याला लहान आकडा हवा.

पट्टी पुसली गेली असेल तर: एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, फुल पॉवरवर बरोबर २ मिनिटं ठेवा, ढवळा आणि लगेच पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ३५ ने गुणा. २० अंश वाढले तर मशीन ७०० वॅटचं. थर्मामीटर नसेल तर २५० मिली साधं पाणी खळखळ उकळायला किती वेळ लागतो ते बघा. दीड मिनिट लागलं तर १००० च्या आसपास, दोन मिनिटं लागली तर ७००-७५०, अडीचच्या वर गेलं तर ६०० किंवा कमी. पाण्यात लाकडी काडी किंवा आइस्क्रीमचा लाकडी चमचा टाकून ठेवा. गुळगुळीत कपात पाणी बुडबुडे न येता उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि मग धक्का लागला की एकदम उसळतं.

वेळ बदलायचं गणित: कृतीतली वेळ × कृतीतले वॅट ÷ तुमचे वॅट. १००० वॅटसाठी ६० सेकंद लिहिलं असेल तर ७०० वॅटला ८५ सेकंद. खाली कोणी वेळा देणार असाल तर ८०० वॅट धरून द्या, म्हणजे गोंधळ होणार नाही.

वाफाळ

+१. आता ओट्स.

४० ग्रॅम रोल्ड (वाफवून चपटे केलेले) ओट्स (अर्धा कप), २०० मिली दूध किंवा अर्धं दूध-अर्धं पाणी, चिमूटभर मीठ. भांडं निदान ८०० मिलीचं. गफलत इथेच होते: सगळे मगमध्ये करायला जातात. दुधातली प्रथिनं आणि ओट्समधला स्टार्च मिळून बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा धरतात. वाफ त्यातून सुटत नाही, मग फेस वर चढतो. पसरट, उंच काठाच्या बोलमध्ये फेसाला पसरायला जागा मिळते.

फुल पॉवरवर ९० सेकंद, बाहेर काढून ढवळा, मग ५० टक्के पॉवरवर आणखी ९० सेकंद. साध्या मशीनमध्ये '५० टक्के' म्हणजे निम्मी ताकद नव्हे. मशीन काही सेकंद पूर्ण चालतं, काही सेकंद बंद राहतं. त्या बंद सेकंदांत फेस खाली बसतो. इन्व्हर्टर मशीन खरोखरच कमी ताकदीवर सलग चालतं, तिथेही ५० ठीक आहे.

बाहेर काढलं की २ मिनिटं झाकून ठेवा. काढताना थोडं सरसरीत दिसलं पाहिजे. आतच घट्ट करायला गेलात तर खाताना लगदा झालेला असेल. स्टील-कट (नुसते तुकडे केलेल्या) ओट्सच्या नादी सकाळी लागू नका, त्यांना फार वेळ लागतो. इन्स्टंट असतील तर एकूण ७५-९० सेकंद पुरे.

मनुका शिजवतानाच घातल्या तर फुगतात, पण साखरेमुळे आतून चटका देण्याइतक्या तापतात. साखर, मध, केळं, सुकामेवा नंतर.

पिवळा_बलक

अंड्याचं सांगतो. ते रबरासारखं होतं कारण पांढरं साधारण ६२ अंशांपासून आणि बलक ६५-७० पासून घट्ट व्हायला लागतो. त्याच्या बरंच वर गेलं की प्रथिनांची जाळी आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. मगच्या तळाशी जे पाणी साचतं ते हेच. मायक्रोवेव्हमध्ये ६५ ते ९५ हा प्रवास काही सेकंदांत होतो, म्हणून अंडं एका दमात करायचंच नाही.

२ अंडी, २ मोठे चमचे दूध, मीठ. मगला आतून लोणी किंवा तेल लावा, काट्याने नीट फेटा. ४५ सेकंद, ढवळा. २० सेकंद, ढवळा. मग १०-१० सेकंदांनी बघत जा. वर थोडा ओलसर चकाकता भाग दिसतोय तेव्हाच काढा आणि बशी झाकून एक मिनिट ठेवा, उरलेलं आतल्या उष्णतेवर होतं. वाढताना कच्चं, पातळ काही राहिलेलं नको. किसलेलं चीज शेवटच्या ढवळण्यात. टोमॅटो किंवा पालक घालायचा तर आधी वेगळा ३० सेकंद फिरवून पाणी काढून टाका, नाहीतर सगळं पाणचट होतं.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. कवचासकट अंडं आत ठेवायचं नाही. आणि सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा आख्खं गरम करायचं नाही. ते आत फुटलं नाही तरी बाहेर काढून दाताखाली फुटू शकतं. गरम करायचंच तर चार तुकडे करून.

चमचाभर

ब्रेड वातड होणं टाळता येत नाही, फक्त उशिरा होऊ देता येतं. आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि गार होताना स्टार्च आवळून कडक होतो. ओलसर कागदी रुमालात गुंडाळून १०-१२ सेकंद, बस. त्यापुढे प्रत्येक सेकंद नुकसानीचा. सँडविच आख्खं आत टाकू नका. सारण वेगळं गरम करा आणि गार ब्रेडवर घाला.

त्यापेक्षा मगमध्येच पावासारखं काहीतरी करा. एक पिकलेलं केळं चांगलं कुस्करा, त्यात १ अंडं, ३० ग्रॅम ओट्स, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ. ३५० मिलीच्या मगमध्ये अर्ध्याच्या वर भरायचं नाही. दीड मिनिट, मग टूथपिक घालून बघा, ओली आली तर आणखी १५ सेकंद. बेकिंग पावडर जास्त झाली तर भराभर फुगून मध्ये खचतं आणि तोंडात खारट-कडवट चव राहते. लगेच खा, गार झाल्यावर मजा नाही.

हा मग फिरत्या तबकडीच्या मध्यभागी ठेवू नका, कडेला ठेवा. मध्यभागी ठेवलेलं भांडं जागच्या जागी फिरतं, त्यामुळे गार पट्टे गारच राहतात.

सकाळची_घाई

खूपच उपयोगी! पट्टी बघितली, ७०० वॅट आहे. म्हणजे आतापर्यंत अंदाजानेच चाललं होतं. आणखी दोन शंका. फ्रीजमध्ये दूध ठेवलं की गायब होतं, त्यावर उपाय? आणि रूममेट अंडं खात नाही, तिच्यासाठी काय?

वाफाळ

दुधाची पावडर. घट्ट झाकणाच्या डब्यांत कोरडं मिश्रण आठवड्याचं करून ठेवा: प्रत्येकात ४० ग्रॅम ओट्स, २५ ग्रॅम दूध पावडर, मीठ, हवं तर दालचिनी. सकाळी आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उरलेलं घाला, एकूण २०० मिली. थेट गरम पाणी ओतलंत तर पावडरीच्या गुठळ्या होतात. वेळ वरचीच, ७०० वॅटला थोडी वाढवून.

पिवळा_बलक

माझं मत थोडं वेगळं. पावडरीचे ओट्स जरा जास्तच चिकटतात. पाण्यात शिजवून पावडर शेवटी घाला, उतूही कमी जातं.

वाफाळ

शेवटी घातली तर गुठळ्या फोडत बसावं लागतं. वाटीत वेगळी कालवून घेणार असाल तर तुमची पद्धत चांगली, पण एक भांडं जास्त घासायचं!

चमचाभर

रूममेटसाठी रताळं. १५०-२०० ग्रॅमचं, सगळीकडून सारख्या जाडीचं निवडा. निमुळती टोकं मधला भाग शिजेपर्यंत वाळून लाकूड होतात. धुवून काट्याने ८-१० टोचे मारा, टोचे नसतील तर साल फुटून सगळ्या मशीनभर उडतं. ७०० वॅटला साडेचार मिनिटं, उलटवून आणखी दीड, मग २ मिनिटं झाकून. वर घट्ट दही, नाहीतर एक मोठा चमचा पीनट बटर. नुसतं रताळं पोटाला फार वेळ पुरत नाही, प्रथिनं वरच्या थरातून येतात. रांग मोठी असेल तर रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवा (रताळं कोणी चोरत नाही), सकाळी ९० सेकंद.

डब्यातली शिजवलेली बीन्स हाही पर्याय आहे, पण पत्र्याच्या डब्यासकट नव्हे. बोलमध्ये काढून, सैल झाकून, ५० टक्क्यांवर २ मिनिटं. फुल पॉवरवर सालीखाली वाफ कोंडून एकेक दाणा फटाफट उडतो.

नेमकं_माप

भांड्यांचं कोणी बोललं नाही. स्टील, सोनेरी कडेचे मग, मेलामाइन आणि एकदा वापरून टाकायचे पातळ प्लास्टिक डबे बाद. अनोळखी मगची परीक्षा: रिकामा मग आणि शेजारी ग्लासभर पाणी ठेवून १ मिनिट चालवा. पाणी कोमट झालं आणि तो मग गारच राहिला, तर चालेल. मगच तापला तर त्यात खाणं गरम करू नका. पाण्याचा ग्लास ठेवायचाच, मशीन रिकामं चालवायचं नाही.

अवांतर: उतू गेलेलं दूध आत करपलं की पुढच्याचा पदार्थ नीट तापत नाही, कारण त्या डागातच ऊर्जा जाते, शिवाय वास. बोलमध्ये कपभर पाणी, दोन चमचे व्हिनेगर, लाकडी काडी, ३ मिनिटं. दार ५ मिनिटं बंदच ठेवा, मग ओल्या फडक्याने निघतं. सकाळच्या रांगेत नको, रात्री करा.