हार्मनीला गलका म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठचा:
परवा इथं कुणीतरी ठोकून दिलंय, "जॅझमधलं ते चौघांचं एकदम वेगवेगळ्या सुरांतलं गाणं, ती हार्मनी, म्हणजे एसटी स्टँडवरचा गलका. ऐकून डोळ्यांत पाणी येतं म्हणणारे नुसता आव आणतात." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

1986 साल, सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजचं हॉस्टेल. रात्री रेडिओवर, शॉर्टवेव्हला, व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. तिथला जॅझचा निवेदक विलिस कोनोव्हर इतकं सावकाश इंग्रजी बोलायचा की माझ्यासारख्या तासगावच्या पोरालाही कळायचं. एकदा मिल्स ब्रदर्स लागले, चौघांचा अमेरिकन गायक-संच. मला वाटलं ट्रम्पेट वाजतोय. तर ते तोंडानं! साथीला एक गिटार, बस्स. मध्येच स्टेशन सरकलं, नुसती खरखर. परत लागलं तेव्हा चौघंही एका शब्दावर थांबलेले होते. वडील जाऊन दोन महिने झाले होते, घरी एकदाही रडलो नव्हतो. त्या रात्री रडलो. अंधाऱ्या खोलीत आव कुणापुढं आणायचा?

शुद्धनिषाद:
ती पोस्ट माझीच. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण रडू त्यांच्यामुळं आलं, हार्मनीचं श्रेय कशाला? आणि पियानोचा गंधार मुळातच नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट चढा (पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट). रागदारीच्या कानाला टोचणारच.

भोपळेवाला मिरज:
गंधाराचं निघालंच आहे तर ऐका. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. त्याला जवारी लागते, म्हणजे तारांखालची घोडी नीट घासलेली लागते, भोपळा लागतो. हल्ली जो तो मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावून रियाज करतो! 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पेढे वाटले. आमच्या शेजारच्या कारागिराचा पोरगा मात्र कुपवाडला एमआयडीसीत हेल्पर आहे.

शुद्धनिषाद:
ॲप मीही लावतो. वन बीएचकेत तंबोरा ठेवू कुठं, फ्रिजवर?

भोपळेवाला मिरज:
वा रे वा! शुद्ध गंधाराच्या बाता आणि घरात मोबाईलची पिपाणी!

शुद्धनिषाद:
तोंड सांभाळून. 22 वर्षं शिकतोय मी.

अल्टो सातारा:
अहो दादांनो, धागा जॅझचा आहे ना? मी साताऱ्यात चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, चार आवाजांपैकी एक खालचा आवाज गाते. लाइट गेली की कीबोर्ड बंद पडतो, पण आम्ही थांबत नाही. दोन ओळींत आमचा गंधार आपोआप उतरून जागेवर बसतो आणि कुणीतरी पाचवं गातंय असं वाटतं. पहिल्यांदा मी वळून मागं पाहिलं होतं. तेव्हा तुमचे ते 14 सेंट कीबोर्डच्या खात्यात टाका, गळ्यांच्या नाही.

शुद्धनिषाद:
ठीक आहे, वाद्याविना असेल तर मान्य. म्हणजे जॅझ ऐकायला आता महावितरणची कृपा लागणार.

कृष्णाकाठचा:
मान्य म्हणालात, हेच पुष्कळ. आज रात्री मिल्स ब्रदर्स ऐका. गिटारकडे कानाडोळा करा.

भोपळेवाला मिरज:
निषादराव, प्रवासी तंबोरा मिळतो, बिनभोपळ्याचा. मला बघवत नाही, पण मिळतो. फ्रिजची लांबी-रुंदी कळवा.