वडिलांचं जाम झालेलं ऑइल इंजिन, तीन एकर वेडी बाभूळ आणि दुकान: आधी हात कशाला घालू?

मोटारवाला_आटपाडी
१४ फेब्रुवारी, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. आटपाडीहून खरसुंडीकडं जाताना रस्त्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय चौदाचा गाळा, पुढं पत्र्याची शेड. मोटारी भरणं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं, हे मुख्य काम. त्याशिवाय फवारणीचे पंप, कडबा कुट्टी, गिरणीची बेअरिंगं, जे येईल ते. मी एकटाच. शाळा सुटल्यावर भाचा येतो, जळालेल्या कॉइल उतरवतो.

गावाकडं माझ्या वाटणीला तीन एकर रान आलंय. सतरा वर्षं पडीक. पाणीच नाही तर पेरून करायचं काय म्हणून वडिलांनी जाणं सोडलं आणि वेड्या बाभळीनं सगळं रान धरलं. ताल कुठली, बांध कुठला, काही उमगत नाही. आता टेंभू योजनेचं पाणी आवर्तनाला आमच्या ओढ्याला येतं. शेजारच्या रानात डाळिंबाची दुसरी बाग उभी राहिली. ते बघून मन राहत नाही. मृगाच्या आत निदान एक एकर मोकळं करून बाजरी आणि मटकी टाकायचीच, असं घरात बोलून बसलोय.

विहिरीवर वीज नाही, कनेक्शन केव्हाच तुटलं. पण खोपीत वडिलांचं जुनं इंजिन होतं. एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना मोठी चाकं, ६ हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं. खोपीचा पत्रा उडाला, सायलेन्सरचं तोंड उघडं राहिलं आणि आत पावसाचं पाणी गेलं. ट्रॉलीतून दुकानात आणलंय. चाक तसूभर हलत नाही. हेड उतरवलं तर पिस्टन मधेच अडकलेला आणि त्याच्या वर लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजाची कडी. नख फिरवलं तर लागते. मोटार मला डोळे झाकून कळते, पण असलं इंजिन मी कधी पुरतं उघडलेलं नाही. वडील उघडायचे, मी पाने हातात द्यायचो.

विहीर ४२ फूट आहे, पाणी ३० फुटांवर. एवढ्या खालचं पाणी वरून ओढणार नाही, म्हणून आत २० फुटांवर लोखंडी चॅनेल आडवे टाकून त्यावर इंजिन बसवायचा विचार आहे.

आणि खरी अडचण वेळेची. आत्ताच अकरा मोटारी पडून आहेत. मार्च लागला की रांग लागेल. एक फेज जाते, मोटार घूं घूं करत राहते आणि जळते. त्या शेतकऱ्याचं पीक वाळत असतं, त्याला मी 'माझं रान साफ करतोय, थांबा' असं कसं सांगू? जाणत्यांनी सांगावं.

उद्यमनगरी
१५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

दादा, आधी एक करा. चाकाला पाइप लावून जोर लावू नका. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला तर सगळंच महागात पडेल. क्रँककेसचं झाकण काढा, बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट सोडा, म्हणजे पिस्टन आणि क्रँक वेगळे होतील. चाक फिरलं तर क्रँक मोकळा आहे आणि अडचण फक्त पिस्टनची आहे, एवढं तरी कळेल.

वरून डिझेल आणि गिअर ऑइल निम्मंनिम्मं ओता. रोज बघा, उतरलं की पुन्हा ओता. आठ दिवस लागतील, पंधरा लागतील. गंजाची कडी आधी पॉलिश पेपरनं घासून काढा, नाहीतर पिस्टन वर येताना रिंगा तिथंच तुटतात. मग खालून लाकडाचा ठोकळा धरून ठोका. लोखंड लावू नका. पहिल्यांदा केसभर हलेल. तेवढा हलला की परत तेल ओता आणि थांबा. ह्या कामात घाई केलेली इंजिनं कोल्हापुरात माझ्या टेबलावर येतात, म्हणून सांगतोय.

फ्युएल पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा आतला दांडा, अडकला असेल तर तोही डिझेलमध्ये भिजत ठेवा. प्लंजर आणि बॅरल ही जोडी असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. नोझल बाहेर काढून फवारा तपासाल तेव्हा समोर हात धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जातं.

माणगंगेकाठची
१५ फेब्रुवारी, दुपारी १.४०

भाऊ, बाकीचं सगळं नंतर. विहिरीत इंजिन उतरवू नका.

आमच्या वस्तीवर एकानं असंच टप्प्यावर इंजिन बसवलं होतं. बंद पडलं म्हणून तो बघायला उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला धाकटा भाऊ उतरला, तोही गेला. माझ्या लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. इंजिनाचा धूर विहिरीबाहेर पडत नाही, खालीच साठतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, डोळ्यांना काही दिसत नाही. लोक म्हणतात कंदील सोडून बघावा. कंदील फक्त हवा संपली तर विझतो, ह्या वायूत तो जळत राहतो. सायलेन्सरला पाइप जोडून धूर वर काढला की झालं, असंही म्हणतील. त्या पाइपचा एक सांधा सैल झाला की संपलं.

तुमच्या ओढ्याला पाणी आहे म्हणता ना? मग इंजिन काठावर, मोकळ्या हवेत ठेवा. ओढ्यावर जमत नसेल तर बाजरी एक वर्ष उशिरा होऊ द्या.

हिवराखाली
१५ फेब्रुवारी, रात्री ९.०५

ताईंच्या शब्दापुढं काही बोलायचं राहत नाही. मी बाभळीचं सांगतो. सांगोल्याकडं पाच एकर काढली, दोनदा काढली, कारण पहिल्यांदा चुकलो.

लाकूडवाला येईल. 'तोडणी माझी, लाकूड माझं, तुम्ही काही देऊ नका' म्हणेल. बरं वाटतं. तो जमिनीबरोबर कापतो, भट्टीला लाकूड नेतो आणि बुडखे तुमच्यासाठी ठेवतो. पहिल्या पावसात एकेका बुडख्याला दहा-दहा धुमारे फुटतात, आणि पूर्वी एक झाड होतं तिथं झुडूप होतं. ह्या झाडाचे डोळे जमिनीच्या खाली वीतभर असतात, त्यामुळं बुडखा फूटभर खालून निघाला तरच ते मरतं. जेसीबीला बकेट बुडख्याच्या बाजूनं घालून मुळासकट उपटायला सांगा, वरनं ढकलायला नको. ड्रायव्हर तासावर असतो, त्याला भराभर आडवं पाडायची सवय असते. आपण समोर उभं राहायचं. पायात जाड तळाचा बूट घाला. काटा साध्या चपलेतून आरपार जातो आणि जखम चिघळते.

मशीन बोलावण्याआधी मोजणी करून घ्या किंवा निदान शेजाऱ्यांना बोलावून खुणा ठरवा. सतरा वर्षांचा बांध जेसीबीनं एकदा मोडला की भावकीत बोलणं बंद होतं.

आणि सरसकट सगळं झोपवू नका. गावठी बाभळीला पिवळी गोल फुलं असतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडीचं फूल लांब तुऱ्यासारखं, शेंग सरळ आणि गोड. गावठी ठेवा, हिवर ठेवा, लिंब ठेवा. चिंच, आंबा, जांभूळ असलं तर त्याला तोडायची परवानगी लागते, त्याला हातच लावू नका.

अजून एक. ह्या वर्षी रानात मेंढरं बसवू नका. खताचा मोह होतो, पण शेंगा खाऊन आलेली मेंढरं लेंडीतनं बी टाकतात आणि ते बी जास्तच जोमानं उगवतं. जुलैत ओल असताना रानातनं एक फेरी मारायची आणि बोटभर रोपं हातानं उपटायची. ऑगस्टमध्ये तीच रोपं कुदळ मागतात.

मोटारवाला_आटपाडी
१६ फेब्रुवारी, रात्री ११.२०

ताई, तुमचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, विहिरीचं नाव पुन्हा काढू नकोस. नाही काढणार. आज ओढ्याच्या काठावर टेप धरला. काठापासून पाण्यापर्यंत १२ फूट भरलं. पंप ओढू शकतो. पाणी उपशाच्या परवान्याचं विचारायला सोमवारी जातो.

क्रँक मोकळा आहे! बिग एंड सोडल्यावर चाक एका बोटानं फिरलं. भाच्याला फिरवायला दिलं तर तो सोडेना.

विट्याचे_काका
१७ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

बाळा, तुझ्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. स्वतःची मशीन आपल्याच दुकानात कायम शेवटी राहते. माझी पॉवर हॅक्सॉ सहा वर्षं भिंतीला टेकून होती आणि मी हातानं कापत होतो. खांद्याचं दुखणं तेव्हापासूनचं.

आलेल्या कामाला तू चिठ्ठी बांधत असशील ना? तशीच चिठ्ठी त्या इंजिनाला बांध. नंबर घाल, तारीख घाल, वहीत नोंद कर. रोज सकाळी शटर अर्धं ठेवून साडेसात ते नऊ ते काम कर. गिऱ्हाईक आलं तर सांग, 'नऊला घेतो, आधीचा नंबर चालू आहे.' ते खोटं नाही. आपलंही काम कुणाचं तरी काम असतं.

रानाचं म्हणशील तर तिथं तू कुऱ्हाड घेऊन जाऊ नकोस. मोटार भरून दिवसाला जे मिळतं त्यातून जेसीबीचे तास घे. तुझा हात वाइंडिंगचा आहे, त्याला काटा लागला तर आठ दिवस दुकान बंद. आणि पडून असलेल्या अकरांपैकी किती मोटारींचे मालक खरंच वाट बघतायत? फोन कर. अर्ध्यांनी दुसरी मोटार घेतलेली असेल.

मोटारवाला_आटपाडी
१९ मे, रात्री १०.१०

तीन महिन्यांनी येतोय. काय काय झालं ते लिहितो.

काका, फोन केले. अकरांपैकी चौघांनी दुसरी मोटार घेतली होती. दोघांनी जुनी मलाच विकली. बाकीच्या आठवडाभरात भरून दिल्या. आता मोटार आली की सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र, बसवल्याशिवाय परत देत नाही. काही जण कुरकुरतात, पण एप्रिलमध्ये परत जळून आलेली एकही नाही. सकाळचे दीड तास पाळले. लग्नसराईत चार-पाच दिवस बुडाले, तेवढेच.

पिस्टन तेराव्या दिवशी हलला. सकाळी ठोकळ्यावर हातोडी मारली तेव्हा आवाज बदलला. आदल्या दिवसापर्यंत भरीव ठप् यायचा, त्या दिवशी जरा पोकळ आला. हात लावून बघितलं तर कडेच्या तेलात बारीक बुडबुडा. पुढं दोन दिवस गेले. चार रिंगांपैकी दोन खोबणीतच चिकटलेल्या होत्या, त्या निघताना तुटल्या. लायनरवर खड्डे निघाले म्हणून नवीन लायनर, पिस्टन आणि रिंगा कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणल्या. व्हॉल्व्ह घरीच घासले. प्लंजर मात्र भिजवून साफ निघाला, जुनाच बसवलाय. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला तेल उडवायचा डिपर असतो, तो वाकलेला होता. बघितला नसता तर नवं बेअरिंग कोरडंच फिरलं असतं.

हेड बसवण्याआधी पिस्टनवर शिशाची तार ठेवून एकदा हळू फिरवायचं, तार किती चेपली ते मोजायचं आणि त्यावरून सिलिंडरखालच्या पत्र्या कमीजास्त करायच्या. हे वडील करायचे. त्यांच्या डब्यात ती तार मिळाली. चेपलेले तुकडे कागदात गुंडाळून ठेवलेले, कागदावर त्यांच्या हातचे आकडे. मी मोजलं तर माझा आकडा त्यांच्या शेवटच्या आकड्याला लागून निघाला.

हँडल मी मारलं, सुरू करताना सिलिंडरचा दाब सोडणारा लिव्हर भाच्यानं धरला. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. उलटा झटका आला तर अंगठा जातो, हे वडिलांनी मला सांगितलं होतं, ते मी त्याला सांगितलं. तिसऱ्या वेळी लिव्हर सोडल्यावर पकडलं. आई घरातून चालत आली आणि शेडच्या कडेला बसून राहिली. इंजिन बंद केलं तरी उठली नाही, म्हणाली, अजून एकदा लाव.

रान सव्वा एकर झालंय. जेसीबीचे १९ तास लागले. हिवराखाली दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बुडखे उपटून घेतले. दोन हिवर, एक बोर आणि सात लिंब राखले. चुलत भावाला आधीच बोलावून खुणा रोवल्या. दक्षिणेच्या बांधावर त्याचंच म्हणणं धरलं, दोन हात रान गेलं असेल. पण तो आता रोज येऊन बघून जातो.

इंजिन ओढ्याच्या काठावर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलंय. इंजिनाला १४ इंची पुली, पंपाला ६ इंची, म्हणजे पंप मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या आसपास फिरतो. थंड करायला २०० लिटरचा ड्रम. पाणी आपोआप फिरतं, वेगळा पंप नाही. आता प्रश्न एकच: काल तासाभरात वरच्या पाइपला हात ठेववेना, खालचा कोमट होता. काळजीचं आहे का? परवान्याचा कागद हातात आलाय, आवर्तन पुढच्या आठवड्यात सुटणार म्हणतात.

उद्यमनगरी
२० मे, सकाळी ७.०५

वरचा गरम, खालचा कोमट, म्हणजे पाणी फिरतंय. बरोबर आहे. फक्त ड्रममधलं पाणी वरच्या पाइपच्या तोंडाच्या वर राहिलं पाहिजे. तोंड उघडं पडलं की फिरणं थांबतं आणि हेड तडकतं. ड्रमच्या आत खूण करून ठेवा. पहिल्या २५ तासांनी तेल बदला, हेडचे नट पुन्हा आवळा.

मोटारवाला_आटपाडी
२० मे, सकाळी ७.३२

लाल पट्टा मारला, तोंडाच्या चार बोटं वर. आता नऊपर्यंत पुलीवरच्या पट्ट्याचं गार्ड बसवतो.