पानिपत, संक्रांत आणि सोसायटीचा फळा

नौपाडेकर
आमच्या सोसायटीच्या फळ्यावरचा दिनविशेष सकाळपासून ग्रुपवर फिरतोय: "आज १४ जानेवारी. १७६१ साली याच संक्रांतीला पानिपत झाले. म्हणून 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पडला आणि शोक म्हणून आपण काळे कपडे घालू लागलो." हे वाचून गप्प बसवत नाही.

लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. इंग्रजी तारीख १४ जानेवारी, इथवर बरोबर. पण संक्रांत सूर्यावर ठरते आणि इंग्रजी कॅलेंडरात ती साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की १७६१ ची संक्रांत १० तारखेच्या आसपास येते. भाऊसाहेब मैदानात उतरले तेव्हा ती होऊन गेली होती.

वाक्प्रचाराचं मूळ घरातल्या पंचांगात आहे. संक्रांतदेवी कशावर बसून येते, काय नेसते, कुठे पाहते, सगळं दिलेलं असतं. जिकडे पाहते तिकडे संकट, जे नेसते ते महाग. आणि काळ्याचं म्हणाल, तर नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, बाळाला काळं झबलं घालून बोरन्हाण. सुतकात कोणी बाळाच्या डोक्यावर बोरं ओततं का?

फळेवाला
फळा मी लिहितो. कामावरून येऊन, स्वतःच्या खडूने. चूक काढायला सगळे येतात, लिहायला कोणी येत नाही.

पानिपतात आमच्या घराण्यातले दोघे गेले, वडील सांगायचे. आमच्याकडे त्या दिवशी गोड होत नसे. हे काय पंचांग बघून ठरलं होतं? लोकांनी ते दुःख संक्रांतीला जोडलं, हाही इतिहासच. उद्या 'विश्वास तर पानिपतात गेला' हेसुद्धा खोटं म्हणाल.

नौपाडेकर
ते खरंच तिथलं आहे, विश्वासरावांवरून आलेलं. सावकारी पत्रातलं 'दोन मोत्ये गळाली' हेही तिथलंच. म्हणून तर चीड येते. अस्सल हाताशी असताना बनावट कशाला लिहायचं? तुमच्या घरचं दुःख मी नाकारत नाही. ते वाक्प्रचाराचा पुरावा होत नाही, एवढंच म्हणतोय.

निवृत्त बाई, कळवा
संक्रांत सरकते ती पृथ्वीच्या परांचन गतीमुळे, म्हणजे तिचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो म्हणून. अक्षाची एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. खरं उत्तरायण तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. हे दरवर्षी वर्गात सांगितलं आणि दरवर्षी मुलांनी विचारलं, "बाई, पेपरात येणार का?" आज भूगोल दिन आहे, तोही फळ्यावर नाही. भूगोलाला कायम इतिहासाच्या शेपटाला बांधलं जातं.

ऐरोलीची वाचक
तुम्ही सगळे १७६१ वर भांडताय. १४ जानेवारी १९९४ कुणालाच आठवली नाही? मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, नामविस्तार झाला तो दिवस. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नाव लागलं साडेपंधरा वर्षांनी. मधल्या काळात वस्त्या जळल्या, माणसं मेली, १९७९ ला लाँग मार्च निघाला. एकाही सोसायटीच्या फळ्यावर मी हे आजवर वाचलेलं नाही.

घोडबंदर रोड
विषय म्हणींचा चाललाय. प्रत्येक धाग्यात राजकारण आणलंच पाहिजे का? सणाच्या दिवशी तरी नको.

ऐरोलीची वाचक
राजकारण? ७८ साली माझे वडील नेसत्या कपड्यांनिशी गाव सोडून आले. घर पेटवलं होतं. कळव्याला एका नातेवाइकाच्या खोलीत आम्ही सगळे राहिलो. आमच्याकडे १४ जानेवारीला आधी बाबासाहेबांच्या फोटोला हार, मग तिळगूळ. पानिपतात गेलेले पूर्वज आठवणं हा इतिहास, आणि माझ्या वडिलांचं जळलेलं घर राजकारण? अडीचशे वर्षांपूर्वीचं तुम्हाला जवळचं वाटतं आणि माझ्या डोळ्यांसमोरचं लांबचं.

घोडबंदर रोड
तसं म्हणायचं नव्हतं. पण धाग्याला विषय असतो.

नौपाडेकर
विषय दिनविशेषाचाच आहे, त्यांनी तो सोडलेला नाही. दिवसाचं महत्त्व सांगायचं तर खोटी व्युत्पत्ती गाळून घडलेली गोष्ट घ्या. ही घडलेली आहे आणि साक्षीदार समोर आहे.

फळेवाला
ताई, घराचं वाचून वाईट वाटलं. नामविस्तार मला माहीत होता, लिहायचं सुचलं नाही.

तारखेचं गणित मान्य, तेवढंच. वाक्प्रचाराची ओळ पुसतो. काळ्या कपड्यांचीही. पानिपत मात्र पहिल्या ओळीत राहील, त्यावर चर्चा नको.

ऐरोलीची वाचक
आणि नामविस्तार खाली?

फळेवाला
सनावळीने. १७६१, मग १९९४.

निवृत्त बाई, कळवा
भूगोल दिन?

फळेवाला
बाई, फळा लहान आहे. विवेकानंदांच्या जयंतीला संक्रांत सरकण्याचं पान तुम्ही लिहून द्या, पुढच्या वर्षी १२ तारखेला लावतो.

ऐरोलीची वाचक
मग २७ जुलैचं मी लिहून देते. ठरावाची तारीख आहे, लावाल ना?

फळेवाला
आधी वाचून बघेन.

ऐरोलीची वाचक
बघा. पण लावा.