मदत हवी आहे : खुबा वाकवायचा नाही आणि बोटंही मिटत नाहीत, मोजे-बटणं स्वतः कशी जमवावीत?

नमस्कार. मला ११ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. ५ आठवड्यांपूर्वी डाव्या खुब्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली, त्यामुळे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि डावा पाय आत वळवायचा नाही अशी पथ्यं आहेत. ती कधी सुटणार हे सर्जन पुढच्या तपासणीत सांगतील. तोवर हात पावलांपर्यंत न्यायचा नाही. आणि ज्या हातांनी साधनं धरायची त्यांची बोटं सकाळी तास-दीड तास आखडलेली असतात, मूठ अर्धीच मिटते.

सध्या नवरा कपडे घालून देतो. कधी कुरकुर नाही, कधी घाई नाही. १० मिनिटांत सगळं होतं. पण ‘हात वर कर’ म्हटलं की हात वर करायचा, ‘पाय पुढे घे’ म्हटलं की पाय पुढे घ्यायचा, अशी दिवसाची सुरुवात झाली की पुढे दिवसभर मनातून ते जात नाही. मला दार आतून लावून स्वतः तयार व्हायचं आहे. ४० मिनिटं लागली तरी चालतील. शिवाय पुढच्या महिन्यापासून त्याला सकाळच्या पाळीला जायचंय, म्हणजे हा प्रश्न नुसता मनाचाही नाही.

जे जमतंय ते आधी सांगते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. हात असलेल्या, थोड्या उंच, टणक खुर्चीत बसते. पलंगावर बसले की गादी दबते आणि खुबा नको तेवढा वाकतो. ड्रेसिंग स्टिक, म्हणजे टोकाला हुक असलेली लांब काठी, तिच्या हुकात पॅंटचा नेफा अडकवून पॅंट जमिनीपर्यंत सोडते, आधी ऑपरेशनचा पाय आत, मग दुसरा. अंतर्वस्त्र आणि पॅंट दोन्ही मांडीपर्यंत ओढून घेते आणि एकदाच उभी राहते. आधी दोनदा उभी राहत होते, त्यातच दमायचे. काढताना उलटं : ऑपरेशनचा पाय शेवटी बाहेर. ही काठी मला खरंच आवडली आहे. खांद्यावरून शर्ट सरकवायला, टाचेवरून मोजा ढकलायला, सगळ्याला ती लागते. चाप दाबून वस्तू उचलायची काठीही आणली होती, पण चाप दाबायला बोटांत जोर लागतो, ती परत ठेवून दिली.

अडतं ते तीन ठिकाणी.

मोजे : सॉक एड आहे, म्हणजे दोन दोऱ्या लावलेली प्लॅस्टिकची पन्हळ. पन्हळीवर मोजा चढवतानाच अंगठे दुखून येतात. चढवला तरी दोऱ्या ओढताना मूठ सुटते आणि मोजा चवड्यावर अर्धवट अडकून बसतो. तो काढायलाही कुणाला तरी बोलवावं लागतं.

बटणं : बटण हुक आहे, म्हणजे काजातून बटण ओढून घ्यायचा तारेचा हुक. त्याचा दांडा पेन्सिलीएवढा बारीक आहे, हातात फिरतो.

ब्रा : मागचे हुक सोडाच. पुढे हुक लावून मग फिरवून घ्यायची पद्धत करून पाहिली, मनगट दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत होतं.

मोजे घालायचं साधन करणाऱ्याने हात चांगले असणार असं धरून चाललं आहे, आणि बटणाचं साधन करणाऱ्याला हात अधू असतात हे माहीत असूनही त्याने दांडा बारीक ठेवला आहे. दोन्ही अडचणी एकत्र असणारं कुणी इथे आहे का?

प्रतिसाद १

ताई, माझे हात तुमच्यासारखेच आहेत आणि दोन्ही गुडघे बदललेले आहेत. दोऱ्या बोटांनी धरू नका. दोन्ही दोऱ्यांच्या टोकांना रुंद कापडी पट्टीचे मोठे फास शिवून घ्या, मनगटातून पुढे हाताच्या मध्यापर्यंत जातील एवढे. मग ओढायचं ते कोपरं मागे नेऊन. बोटं उघडीच राहू देत. पट्टी रुंदच हवी, बारीक दोरी कातडीत रुतते.

मोजा चढवताना पन्हळ मांडीवर न ठेवता दोन मांड्यांच्या मध्ये उभी धरा, दोऱ्या नसलेलं टोक वर. मोज्याची टाच पन्हळीच्या पाठीकडे, आणि मोज्याचं टोक पन्हळीच्या टोकाला अगदी टेकलेलं हवं. तिथे रिकामी जागा राहिली की मोजा पुढे लोंबतो आणि पाऊल आत जात नाही. मोजा तळव्यांनी खाली दाबत न्यायचा, चिमटीने नाही. आत थोडी टाल्कम पावडर टाकली की पाऊल सहज सरकतं. आणि तोंड सैल असलेले सुती मोजेच घ्या. घट्ट इलॅस्टिकच्या मोज्याने मी दोन महिने फुकट घालवले.

शेवटचं : आंघोळीनंतर लगेच कपडे घाला. गरम पाण्यातून निघालेले हात अर्धा तास तरी माझं ऐकतात. बटणांचे कपडे त्याच अर्ध्या तासात उरकायचे, मोजे नंतर.

प्रतिसाद २

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. वरचा सल्ला चांगला आहे, त्यात भर घालते.

खुब्यासाठी : दोऱ्या ओढताना पुढे झुकू नका, पाठ खुर्चीला टेकलेली ठेवा. पन्हळ पायाच्या सरळ समोर ठेवा. ती बाजूला असेल तर पाऊल नकळत आत वळतं. दोऱ्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी घ्या. पाऊल शिरताना बोटं खाली ताणायची, टाच आत गेली की पाऊल वर घ्यायचं आणि मग ओढायचं. शस्त्रक्रियेनंतर दाबाचे स्टॉकिंग दिले असतील तर ते या पन्हळीने चढवू नका. त्यांना वेगळी चौकट मिळते, आणि इतक्या दुखऱ्या हातांनी तीही सोपी नाही. तेवढ्यापुरती मदत घ्या.

मोजा चढल्यावर लांब दांड्याच्या आरशात एकदा पाहा. संधिवाताने बोटं वाकडी झाली असतील तर मोज्याच्या चुणीने कातडी सोलवटते. पावलाला बधिरपणा किंवा मधुमेह असेल तर हे रोजच बघायचं.

बटण हुकाच्या दांड्यावर फोमची नळी चढवा, तळहातात भरेल इतकी जाड. तार काजातून बाहेरून आत घालायची, बटण तारेत अडकवायचं आणि तसंच मागे खेचायचं. खेचताना मनगट मुरडायचं नाही, सगळा हात मागे घ्यायचा. दुसऱ्या हाताच्या तळव्याने कापड छातीशी दाबून धरा. खालच्या बटणापासून सुरुवात केली की ते डोळ्यांना दिसतं आणि शर्ट तिरका लागत नाही.

रोजच्या शर्टांना बटण नकोच असं माझं मत आहे. काज शिवून टाका, बटण त्यावर नुसतं दिसण्यापुरतं कायमचं शिवून टाका, आणि आतून अंगठ्याएवढे वेल्क्रोचे तुकडे लावा. सलग पट्टी लावू नका, ती ताठ होते आणि तिरकी चिकटते. खरखरीत बाजू अंगाकडे येऊ देऊ नका. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर त्यात धागे आणि लोकर अडकून ते चिकटेनासं होतं.

प्रतिसाद ३

हुक हातात घेतला की आपण आजारी आहोत असं वाटतं, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटायचं. पक्षाघातानंतर माझा उजवा हात गेला. मग कळलं की १९व्या शतकात युरोप-अमेरिकेत बुटांना आणि हातमोज्यांना बटणांची रांग असायची आणि ती लावायला धडधाकट माणसंही हाच हुक वापरायची. हे वाचल्यापासून तो मी कपाटात लपवत नाही, आरशासमोर ठेवते.

ब्रासाठी मी कपडे वाळत घालायचा चिमटा वापरते. एक टोक पॅंटच्या नेफ्याला चिमट्याने अडकवायचं, दुसरं टोक अंगाभोवती घेऊन हुक लावायचा. एका हाताने जमतं. तुमच्या बोटांना तो चिमटा झेपेल का, हे मात्र तुम्हीच पाहा.

धागाकर्ती, ९ दिवसांनी

तिघींचेही मनापासून आभार.

फास नवऱ्यानेच शिवून दिले, जुन्या पिशवीच्या बंदाचे. पहिले दोन दिवस फास लहान होऊन मनगटाशी अडकत होते, मग त्याने उसवून वाढवले. आज सकाळी आंघोळीनंतर दार लावलं. उजवा मोजा पहिल्याच खेपेला गेला. डाव्याला पाऊल तीनदा घसरून बाहेर आलं, कारण मोज्याचं टोक पन्हळीला टेकलेलं नव्हतं. नीट टेकवलं, थोडी पावडर टाकली, आणि पाऊल आत गेलेलं तळव्याला जाणवलं. कोपरं मागे घेतली. मोजा घोट्यावरून वर चढत आला आणि पन्हळ खटकन सुटून मांडीवर आली. मी थोडा वेळ नुसती पावलांकडे बघत बसले. एकूण ३५ मिनिटं लागली. बाहेरून त्याने एकदाच विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, “येते.”

दोन शर्टांना वेल्क्रो लावून घेतलं आहे. हुकाला फोम चढवला, पण अजून दोनच बटणं लागतात, तिसऱ्याला हात थकतो. ते सावकाश होईल.

ब्रा मात्र अजून अडलेली आहे. चिमटा माझ्याने दाबला जात नाही. समोर उघडणारी आणली तर तिचे हुक बारीक आणि एकाखाली एक पाच. त्या हुकांच्या जागी चेन लावून, चेनच्या पकडीत मोठी रिंग घालून कुणी वापरली आहे का? पुढची दोन्ही टोकं सुटी असताना चेनची खालची पिन दुसऱ्या बाजूत नेमकी बसवायला ती चिमटीत धरावी लागते, तेवढं कसं करता? की समोरही वेल्क्रोच बरं?